हेराचे ओळखपत्र

सुट्टीतील बालकांना गुंतवून ठेवण्यासाठी पुठ्ठा, डिंक, छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा यांच्या साहाय्याने ‘गुप्तहेराचे ओळखपत्र’ सिद्ध करण्याचा जो उद्योग हल्ली सुचविला जातो, तो बुलढाणा जिल्ह्यातील मुलांना सांगताना मात्र थोडा संकोच वाटावा. कारण याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे जन्मलेल्या जिजाऊंच्या पुत्राने १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर चाल केली, तेव्हा त्या शहराची बित्तंबातमी आणणाऱ्या बहिर्जी नाईकाच्या गळ्यात ‘खास हेर, हुजूर दफ्तर’ अशी सचित्र, शिक्कामोर्तब केलेली दस्तक लोंबकळत असती, तर किल्ल्यात दडून बसलेला तिथला मोगल सुभेदार इनायतखान कदाचित वेशीवर हारतुरे घेऊनच उभा राहिला असता! अर्थात, सत्यप्रतीवाचून ज्यांचे कोणतेही काम कचेरीत हलत नाही, अशा आम्हा प्रौढांना हेरसुद्धा सप्रमाण लागावा, यात नवल ते काय? तेव्हा पालकहो, ओळखपत्र खुशाल करवून घ्या. मात्र नाव, गाव व धंदा हे तिन्ही रकाने धादांत खोटे भरवा, आणि धंद्यापुढे ‘सरकीचा दलाल, खामगाव’ एवढेच लिहू द्या.