हळद उतरायच्या आधीच

श्री. ऑटो व्हाइट बॅलन्स यांस,
मुक्काम कॅमेऱ्याचा मेनू, पहिलंच घर.

सनविवि.

गेल्या वैशाखात सेलू तालुक्यात एका हळदीचे फोटो काढत होतो. नवरी पिवळ्या साडीत, मागे झेंडूच्या माळा, वर पिवळ्या कापडाचा मांडव. एवढा पिवळा पाहून आपण निष्कर्ष काढलात की उजेडच पिवळा आहे, आणि त्यावर उतारा म्हणून निळा ओतलात. नवरी आठ दिवसांच्या तापातून उठल्यासारखी, अंगावरची हळद मुलतानी मातीसारखी! हळद वसमतची होती, साहेब. वसमत १ मे १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं, मग हिंगोलीत गेलं. २०२४ मध्ये तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारला पटलेली हळद आपल्याला पटली नाही.

आपली श्रद्धा मला ठाऊक आहे. चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी येते, हे आपलं मूळ गृहीतक. मांडवात करडं काय असतं? थोरल्या मामांचं डोकं, तेही कलप विसरला तरच.

रात्री तर आपण कमालच केलीत. मांडवाच्या एका टोकाला पिवळा बल्ब, साधारण २८०० केल्विनचा. दुसऱ्या टोकाला ६५०० ची एलईडी ट्यूब. (आकडा वाढला की उजेड निळसर होतो, हे नवख्यांना उलटं वाटतं. लोहाराला वाटत नाही. त्याचं लोखंड आधी लाल होतं, आणखी तापलं की पांढरं.) नवरदेव चार पावलं सरकला की आपलं मत बदलायचं. अल्बम पाहून त्याच्या आत्यानं विचारलं, "फेटे किती बदलले रे पोरानं?" फेटा एकच होता.

लग्नापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण आपण मोबाइलमध्येही बसलेले. चुलतभावानं कपाशीचं पान अगदी जवळून टिपलं. चौकटभर हिरवं दिसताच आपण जांभळट छटा चढवलीत, आणि फोटो पाहून दुकानदारानं लाल्या ठरवून मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी सांगितली. पान हिरवंगार होतं. ज्या परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथं पानाचं निदान आपण करायचं!

माझाही दोष आहे. पांढरा रंग दाखवून आपल्याला शिकवावं, म्हणून एकदा नवरीच्या आजोबांची टोपी समोर धरली. टोपीला नीळ दिलेली. त्या निळसरालाच पांढरं मानल्यावर सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं आलं. त्यात आपली चूक नव्हती, हे कबूल करतो.

आता करडं कार्ड विकत घेतलंय. मांडवात शिरलो की आधी ट्यूब बंद करायला लावतो, मग कार्ड नवरीच्या गालाजवळ धरून तेवढ्याचा एक फोटो काढतो आणि त्यावरून रंग पक्का करतो. शिवाय रॉमध्ये काढतो, म्हणजे चुकलंच तर घरी बसून निस्तरता येतं. पोरी विचारतात, "काका, हे काय, आधार कार्ड?"

पुढची हळद मानवतला आहे. आपण येऊ नये, ही विनंती.

आपला,
परभणीचा एक फोटोवाला