जुनं ते सोनं, पण हप्त्यावर

बर्फावरच्या हॉकीची सर्वांत श्रीमंत लीग एनएचएल. तिथे एक जुलै हा बाजाराचा दिवस. करार संपलेले नामवंत मोकळे होतात आणि संघांचे मॅनेजर लांबलचक करार घेऊन त्यांच्यामागे धावतात. पैसे मोजतात ते काल मारलेल्या गोलांचे. उद्याचे कोण मारणार, ही पुढच्या मॅनेजरची डोकेदुखी.

पूर्वी हा शौक परवडायचा. मालक-खेळाडूंच्या भांडणात 2004-05चा अख्खा हंगाम बुडाला आणि संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. तेव्हापासून बुजुर्गाला दिलेला जादा डॉलर कुठल्या तरी पोराच्या ताटातून उचलावा लागतो.

शिकागो ब्लॅकहॉक्सने 2010, 2013 आणि 2015मध्ये लीगचा स्टॅनली चषक जिंकला. संघाचे दोन तारे पॅट्रिक केन आणि जोनाथन टेव्ज यांच्याशी वर्षाला प्रत्येकी सरासरी 1 कोटी 5 लाख डॉलरचे आठ वर्षांचे नवे करार झाले. ते लागू झाले 2015च्या विजयानंतर. त्याच उन्हाळ्यात 22 वर्षांचा ब्रँडन साद सोडून द्यावा लागला. पुढच्याच हंगामात केन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चषक मात्र पुन्हा आला नाही. राजे दोन्ही शाबूत, प्यादीच संपली.

पिट्सबर्गच्या संघाने उलटं केलं. डिसेंबर 2015मध्ये प्रशिक्षक बदलला. माइक सलिव्हन आले आणि कॉनर शियरी, ब्रायन रस्ट, गोलरक्षक मॅट मरे ही खालच्या लीगमधली पोरं वर आली. संघ सुसाट सुटला. 2016 आणि 2017, लागोपाठ दोन चषक!

यावर मॅनेजर मंडळी ‘तरुणाईवर विश्वास’ असं म्हणत स्वतःची पाठ थोपटतात. विश्वास कसला, स्वस्ताई! कोवळ्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा आणि त्याच्या पगाराला नियमानेच वेसण. शिवाय पिट्सबर्गच्या त्या पोरांना वाट दाखवायला सिडनी क्रॉस्बीसारखा जाणता तारा होता. एडमंटनच्या संघाने 2010पासून सलग तीन वर्षं नवोदितांच्या निवडीत पहिल्या क्रमांकाचा खेळाडू उचलला, तरी 2016पर्यंत सलग दहा हंगाम प्लेऑफचं दार दिसलं नाही. बालवाडी भरली, बाई नेमायच्या राहिल्या.

तेव्हा संघ तरुण आणि वेगवानच हवा, सोबत दोन-तीन जाणती डोकी हवीत, आणि करार सगळ्यांचेच आखूड हवेत. रोग वयाचा नाही, मुदतीचा आहे. न्यूयॉर्क आयलँडर्सने 2006मध्ये गोलरक्षक रिक डिपिएट्रोला पंधरा वर्षांचा करार दिला, तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. दुखापतींनी तो खिळखिळा झाला. 2013मध्ये संघाने त्याला मोकळं केलं. त्या मोकळीकीचे वर्षाला 15 लाख डॉलर संघ 2029पर्यंत फेडणार आहे.