ताठ मानूस
(एकपात्री प्रयोग)

(रंगमंचावर एक बाज आणि एक प्लास्टिकची खुर्ची. कमरेला पट्टा बांधलेला, पन्नाशी ओलांडलेला कास्तकार येतो. खुर्चीकडे बघतो, बाजेकडे बघतो, दोन्ही नाकारून मधोमध उभा राहतो.)

बसा, बसा. तुमाले बसता येते, तुमी बसा. मी उभाच बरा.

लोकाईले वाटते मले माज आला. परवा पीककर्जाले गेलो. साहेब म्हनते, "बसा." मी म्हनलं, "नाही साहेब, उभाच ठीक हाय." आता कर्ज मांगनारा मानूस कसा येते? टोपी हातात, कमरेत वाकून, चेहरा पडेल. मी आपला खांबावानी ताठ. साहेबानं चष्मा काढला, मले खालून वरपर्यंत पाह्यलं आन् आवाज उतरवून इचारलं, "कोनाच्या ओळखीनं आले?"

लोक छाती फुगवून म्हनते, मोडेन पण वाकणार नाही. माहं दोन्ही झालं. आंधी मोडलो, मंग वाकनं बंद झालं.

झालं काय त, पऱ्हाटीवर तुडतुडे. पाठीवर फवारनीचा पंप. सोळा लिटर पानी म्हंजे सोळा किलो, पंपाचं आन् बॅटरीचं वजन येगळं, आन् खाली काळ्या मातीचा चिखल. 2017 साली फवारनीच्या विषानं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर मानसं गेली, तवा साऱ्या देशाले समजलं का या पंपात काय असते. पंपाचं ओझं किती असते, हे कोनं इचारलं नाही. बरोबर हाय म्हना. वजनानं मानूस मरत नाही. नुसता ताठ होते.

पन पंपानं मले काही केलं नाही! पंप नीट उतरवला. बिडी काढली. काडीपेटी खाली पडली. उचलाले वाकलो आन्... (थांबतो, तसाच अर्धवट वाकतो) कट्!

चार पायावर आलो. धुऱ्यावर माहा बैल चरून राह्यला होता. त्यानं मान वर केली, माह्याकडं पाह्यलं आन् थोडं सरकून जागा देली.

(हळूच सरळ होतो.)

मंग ते दुखनं पायात उतरलं. सायटिका. आता हे यवतमाळवाल्याले समजवाचं त एकच रस्ता हाय. आपल्या अथून मूर्तिजापूरले शकुंतला जाये ना? इंग्रजाच्या काळातली, नॅरोगेज. माहं दुखनं त्याच लायनीवर चालते. कंबर म्हंजे यवतमाळ. तथून सुटली का कुल्ल्यावर लाडखेड, मांडीत दारव्हा, पोटरीत कारंजा आन् पायाच्या अंगठ्यात मूर्तिजापूर. फरक एवढाच, शकुंतला बंद पडली म्हनून लोक ती चालू करा म्हनत आंदोलन करते. माही बंद करा म्हनून मी एकटाच बोंबलून राह्यलो.

मंग सुरू झाला इलाज. कोनी बिबा लावला, चामडी जाळली. कोनी मोहाचं तेल. कोनी म्हने कंबर तापलेल्या विटेनं शेका. शेवटी शेजारची बुढी म्हने, "याले पायाळू पाह्यजे." पायाळू म्हंजे जो जल्माले येताना पायाकडून आला. त्यानं कमरेत लाथ हानली का उसन पळते. आता साऱ्या नातेवाइकात पायाळू कोन? माहे इवाई! दिग्रसचे. माही पोरगी देली ना, तिचा सासरा.

मंडळी, इवाई म्हंजे किती मानाचा मानूस. आन् मी पोरीचा बाप. माही पाठ त्याईच्यापुढं तशीबी वरच होत नव्हती.

(बाजेवर पालथे पडण्याचा बेत करतो, जमत नाही, उभ्यानेच पाठ प्रेक्षकांकडे करून दाखवतो.)

मी बाजेवर पालथा. इवाई धोतर खोचून उभे. हात जोडून म्हनते, "माफ करजा इवाई, पाय लागून राह्यला." धाड! लगेच वाकून नमस्कार. "लग्नात आमच्या मामाईले टॉवेल-टोपी भेटली नाही, मी काही बोललो नाही." धाड! नमस्कार. "पंगतीत वडे सरले, मी भातावर उठलो." धाड! नमस्कार. "गाडीचं त मी कधी तोंडातूनच काढलं नाही." धाड! धाड!

मी म्हनलं, "इवाई, किती माराच्या असते?" ते म्हनते, "गुन येईपर्यंत." आन् दारात आमची इहीन चहा पीत उभी. ती म्हनते, "अहो, जरा डावीकडं."

इवाईची कंबर अशी मोकळी झाली का काय सांगू!

मंग गेलो यवतमाळले, डॉक्टरकडं. लाथाईचं आयकून डॉक्टरनं आंधी कपाळाले हात लावला. म्हने, "मनक्यावर लाथा? पाय लुळा पडला असता!" मंग मले सरळ झोपवलं, आन् गुडघा न वाकवता पाय वर उचलला. अर्ध्यावर आला त मी असा बोंबललो का बाहेरचे दोन पेशंट घरी गेले. डॉक्टर खूश! "बरोब्बर!" म्हने.

एम. आर. आय. काढला. रिपोर्टवर लिहून आलं, एल-चार, एल-पाच. मले वाटलं गट नंबर हाय. मी म्हनलं, "साहेब, यात पोटखराबा किती?"

डॉक्टर म्हने, "अहो, चकती सरकत-बिरकत नाही. भोवती कडक कडं असते, आत मऊ गर. कडं फाटते, गर बाहेर येते आन् नस दाबते. काडीपेटी त निमित्त, कडं आंधीच झिजलं होतं." आन् मले धीर द्याले सांगते का ज्या 1994 साली आपल्या शकुंतलेचं वाफेचं इंजन काढून डिझेल लावलं, त्याच साली अमेरिकेत 98 मानसाईचा एम. आर. आय. छापून आला. साऱ्या धडधाकट, कंबर न दुखनाऱ्या मानसाईचा. त निम्म्याच्या वर लोकाईची चकती फुगून! आता सांगा. तथी फुगून दुखत नाही, अथी कास्तकाराची फुगली का लगेच दुखते. सातबाऱ्यावर नोंद झाली का कटकट सुरू होते, तसंच असंन.

डॉक्टर म्हने, "बहुतेकाईचं सहा ते बारा आठवड्यात आपोआप उतरते. आपरेशन थोड्याईलेच लागते. पन पायातली ताकद गेली, नाही त लघवी-संडासचं भान गेलं, त सकाळची वाट पाहाची नाही, रातोरात याचं. बाकी बाजेवर लोळू नका. चाला." अन् मी त तवापर्यंत बाजेवरच! उठलो का बायको म्हने पडा, पडलो का म्हने उठा. माहं काही पुरं उतरलं नाही. येते, राह्यते, जाते. आपल्याकडच्या लायनीवानी.

संग एक कागद देला. घरी आलो, बायकोले वाचून दाखवला. ती कांदा चिरून राह्यली होती, उकिडवी बसून.

(खिशातून कागद काढतो.)

"कमरेतून वाकू नका. उकिडवे बसू नका. ओझे उचलू नका. एकाच जागी फार वेळ उभे राहू नका."

तिनं इळी बाजूले ठेवली. म्हने, "माहं टाइमटेबल त्या डॉक्टरले कोनं देलं?"

(थांबतो.)

मी हासलो. मंग मोजाले बसलो. म्हंजे उभाच राह्यलो. सरकी टोबाची, वाकून. एकेक दाना. निंदाचं, वाकून. खत द्याचं, वाकून. दसऱ्यापासून वेचनी, कमरेले ओटी बांधून. ती भरत जाते आन् बाईले खाली ओढत जाते. मंग डोक्शावर गाठोडं. उलंगवाडी होईपर्यंत तेच. पंप तेवढा मानसाच्या पाठीवर असते, बाकी या जिल्ह्यातलं सारं वाकनं बाईकडं हाय. मी इचारलं, "तुही बी दुखते का वं?" ती म्हने, "कंबर हाय, त दुखनच ना."

नेली बळजबरीनं डॉक्टरकडं. डॉक्टर म्हने, "बाई, कधीपासून दुखते?"

"मोठीच्या टायमापासून."

"मोठी केवढी हाय?"

"तिलेच पोरगी झाली आता."

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. "एम. आर. आय. करू." हिनं पैसे इचारले, बोटावर हिशेब केला आन् उठली. "तेवढ्यात दोन एकराचं निंदन निघते." मंग दारातून वळली, "साहेब, त्या मशिनीत आडवंच पडा लागते का?" "हो." "मंग नाहीच जमनार. उभ्या मानसाचा निघन तवा सांगजा."

पट्टा मात्र तिनं घेतला. माहाच! घरात आता कंबरा दोन आन् पट्टा एक. हंगामात तिचा, कार्यक्रमात माहा. आज वेचनी बंद हाय म्हनून तुमच्यापुढं...

(मोबाईल वाजतो.)

हां, बोल वं. कार्यक्रमात हावो. कोन आले? इवाई? आता? दिग्रसहून? ... काय सांगतं! बाथरूमात? साबन उचलाले गेले? (हात तोंडावर) चार पायावर? ... नाही, नाही, डॉक्टरले फोन कर. लगेच. लाथ-बिथ मारू नको कोनी, पाय लुळा पडते. ... काय म्हनते ते? त्याईलेच पायाळू पाह्यजे म्हनते?

(फोन छातीशी धरतो. प्रेक्षकांकडे बघतो.)

मंडळी, मी काही पायाळू नाही. मी सरळ, डोक्शाकडून आलो. इज्ञानाचा आधार त मुळीच नाही.

(पट्टा घट्ट आवळतो. फोन पुन्हा कानाला.)

त्याईले म्हना, बाजेवर पालथे पडा, इवाई निघाले. आन् आयक, तू चहा घेऊन दारात उभी राह्य. डावं-उजवं सांगाले कोनी पाह्यजे.

(ताठ, पण आश्चर्यकारक वेगाने निघून जातो.)