नगर ते काशी, व्हाया बाजरीचं पीठ

आमच्या घरी लांबच्या प्रवासाचा बेत मोबाइलच्या नकाशावर सुरू होतो आणि आत्याच्या पिठाच्या डब्यापाशी येऊन अडतो.

यंदा काशी ठरली. रेल्वेचं नाव काढायची सोय नव्हती, कारण टेक्सासचा पुतण्या सुट्टीवर आला होता आणि त्याच्या डोक्यात आर.व्ही. बसली होती. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं घर. ओटा, पलंग, फ्रीज, संडास, सगळं एका गाडीत. महाराष्ट्र सरकारनंही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, हेही त्यानं आम्हाला ऐकवलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"संडास कुठंशी म्हणलास?"

"ओट्याच्या मागं, आजी."

"आन देव कुठं ठिवायचे?"

विषय तिथंच मिटायचा, पण अण्णांना संडासाच्या टाकीची काळजी. ती रोज रिती कुठं करायची? तिकडे मुक्कामाच्या जागी तशी सोय असते, असं पुतण्या म्हणाला. "आणि इकडं? राहुरीत कुणाच्या उसात?" असं अण्णांनी विचारल्यावर पोरगं गप्प झालं.

मग आपला टेम्पो ट्रॅव्हलर ठरला. त्यात शेगडी, परात, सतरंज्या. आपल्याकडच्या यात्रा कंपन्या आचाऱ्यासकट पातेली टपावर टाकून माणसांना चारधाम घडवून आणतात, धर्मशाळेच्या अंगणात पिठलं रटरटतं. चाकांवरचं स्वयंपाकघर आम्हाला टेक्सासनं शिकवायची गरज नव्हती.

नगरहून काशीला जायच्या सोयीच्या वाटा दोन. एक शिर्डीवरून समृद्धीला लागून नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज. दुसरी मनमाड, मालेगाव, धुळे, सेंधव्यावरून इंदूर, उज्जैन आणि पुढं. पुतण्या समृद्धीच्या बाजूचा. शिर्डी-नागपूर 520 किलोमीटरचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, जून 2025 मध्ये सगळा 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला, मग वापरायचा कुणी? पण आत्याला साखर आहे, सारखं उतरावं लागतं. तिला रस्त्याची लांबी नको, थांबे सांगा.

समृद्धीतली खरी अडचण पुढं नागपुरात होती. तिथं मावशी राहते. तिच्या दारावरून न थांबता गेलो तर उरलेल्या आयुष्यात तिच्याकडच्या कार्याचं आमंत्रण नाही. थांबलो तर दोन दिवस गेले, कारण वऱ्हाडी पाहुणचारात पाहुण्याच्या 'निघतो'ला काही किंमत नसते. म्हणून इंदूरची वाट काढली, तर इंदुरात चुलतबहीण! उज्जैनला वहिनींचे मामा, जबलपूरला अण्णांचे जुने व्याही. मराठे 1758 मध्ये अटकेपर्यंत गेले याचा मला अभिमान आहे, पण जाताना त्यांनी वाटेत इतकी माणसं वसवली, की आज मराठी माणसाला नातेवाईक टाळून उत्तरेत शिरता येत नाही.

अण्णांनी तिसरंच काढलं. अहिल्यादेवींचा जन्म 1725 चा, आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर त्यांनी उभारलं, गयेचं विष्णुपद त्यांचं, शिवाय सोमनाथपासून रामेश्वरपर्यंत मंदिरं, घाट, धर्मशाळा. तेव्हा आपण त्यांच्याच वाटेनं जायचं! त्यांनी पेन घेऊन नकाशावर खुणा केल्या. पाहता पाहता हिंदुस्थानभर रांगोळीचे ठिपके पडले. ते जोडत गेलो असतो तर पुतण्याची सुट्टी, नोकरी आणि बहुधा व्हिसाही संपला असता. पण 2024 मध्ये नगरचं नावच अहिल्यानगर झाल्यापासून या विषयात अण्णांसमोर बोलायची आमची टाप नाही. वहिनींनी एकच दुरुस्ती सुचवली. बाकी राहू द्या, निदान महेश्वर घ्या, अहिल्यादेवींची राजधानी आहे. आग्रा रोडवर खलघाटला नर्मदा ओलांडली की धामनोद, तिथून आत वळलं की आलंच. वहिनींची ही इतिहासाची गोडी पाहून मी भारावलो होतो. तिथल्या किल्ल्यात हातमाग चालतात, हे त्या जरा हळू बोलल्या.

इतका वेळ आत्या बोटं मोजत होती. बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडवट व्हायला लागतं, हे तिचं पंचांग. डिझेल कुठंही मिळेल, पीठ कुठून आणायचं? पोळी, भात यांना ती जेवण म्हणत नाही, आणि जुन्या पिठाची भाकरी थापताना कडा चिरल्या की दिवसभर तिचा चेहरा तसाच. मी म्हटलं, बाजरी सोबत घेऊ, वाटेत गिरणीत दळू.

"आन आधी त्यांनी गहू दळलेला आसंल तर?"

याला उत्तर नव्हतं. गिरणी आपली हवी, किंवा आपल्या माणसाची. आणि वहिनींना आठवलं: इंदूरच्या चुलतबहिणीनं दिवाळीत घरघंटी घेतली होती. ज्या बहिणीला चुकवायला अण्णा देवासला वळसा शोधत होते, तिचं घर एका क्षणात मुक्कामाचं ठिकाण झालं. नागपूरची मावशी बाद. तिच्याकडं घंटी नाही.

लगेच इंदूरला फोन लावला. "घंटी चालू आहे ना?"

"आहे की! या, चार दिवस राहा. आणि हो, इकडं आपल्यासारखी बाजरी मिळत नाही. माझ्यासाठीही आणा एक पोतं."

ड्रायव्हर ओसरीवर चहा पीत बसला होता. त्यानं कप खाली ठेवला आणि टपावरच्या कॅरिअरचे वेगळे पैसे सांगितले.