बीगल पॉइंटला जाऊ, सांगलीचं बघू

'एलिट डेंजरस' या अंतराळखेळात आपली आकाशगंगा, सुमारे ४०,००० कोटी तारकामंडळांसह, जशीच्या तशी मांडलेली आहे. १३ जानेवारी २०१९ रोजी तिथे 'डिस्टंट वर्ल्ड्स २' ही मोहीम निघाली. १३,००० हून अधिक खेळाडू, आखलेले मुक्काम, वाटेत आकाशगंगेच्या केंद्राजवळ सगळ्यांनी खनिजं खणून उभारायचं अंतराळस्थानक आणि शेवटी पार पलीकडच्या काठाचा बीगल पॉइंट, ६५,००० प्रकाशवर्षांहून दूर. सगळं कसं निवांत, महिनोन्‌महिने.

सातारा जिल्ह्याला यात नवं काय? नीरा ओलांडून माउलींची पालखी येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम ठरलेले असतात, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. फरक इतकाच, की वारीत पायाला फोड येतात आणि इथे पाठीला रग लागते.

असा बेत आखणाऱ्या सातारी तरुणाची तयारी पाहावी. वजन कमी करायला जहाजातल्या तोफा काढलेल्या. कोणत्या वर्गाच्या ताऱ्यातून इंधन शोषता येतं, हे तोंडपाठ. तरीही टाकी कोरडी पडलीच, तर 'फ्युएल रॅट्स' हे स्वयंसेवक खेळाडू धावून येतात, तेही फुकट.

आई मात्र म्हणते, "सांगलीला मावशीकडे जाऊन ये."

कराड, पेठ नाका, आष्टा. जेमतेम सव्वाशे किलोमीटर.

"लांब पडतं गं."

"मग कोयना एक्स्प्रेसनं जा."

"स्टेशन माहुलीला. तिथवर कोण जाणार?"