स्लॅबला सावली, माणसाला फलक

उन्हाळा लागला की बांधकामाच्या साइटवर एकाची फार काळजी घेतात. ऊन लागू नये म्हणून त्याच्या अंगाला ओली गोणपाटं गुंडाळतात. वेळच्या वेळी पाणी देतात, त्याच्यासाठी बर्फही मागवतात. भर दुपारी त्याला बाहेर काढायचं नाही, पहाटे किंवा रात्री उरकायचं, असा दंडक असतो.

त्याचं नाव काँक्रीट.

चेष्टा नाही. उन्हाळ्यातल्या काँक्रीटसाठी स्वतंत्र भारतीय मानक आहे. आयएस ७८६१, भाग पहिला, साल १९७५. हवा ४० अंशांच्या वर गेली की ते लागू. ओतताना काँक्रीटचं तापमान ४० च्या आत हवं, खडी सावलीत हवी, पाण्यात बर्फ चालेल. शिवाय कोरड्या उन्हात निदान दहा दिवस पाणी मारायचं. नाहीतर तडे जातात ना!

घमेलं उचलणाऱ्याला तडे जात नाहीत. तो थेट आडवा होतो.

गंमत बघा, माणसाचीही मर्यादा साधारण तीच. शरीराच्या आतलं तापमान ४० च्या पुढे गेलं की उष्माघात. फरक इतकाच, की काँक्रीटला थर्मामीटर लावायला साइटवर पगारी इंजिनिअर असतो.

बातम्यांत सांगतात, आज चंद्रपूर ४५. हे ४५ कुठलं? हवामान खात्याच्या पांढऱ्या, झडपांच्या पेटीतलं. म्हणजे सावलीतलं. बाराव्या मजल्यावर सळई बांधणारा त्या पेटीत मावत नाही.

मुंबईकरांनी हसू नये. दमट हवेत घाम वाळतच नसेल तर ३६ अंशही पुरे पडतात. कामाच्या जागी उष्णता मोजायला जगभर एक निर्देशांक वापरतात, डब्ल्यूबीजीटी. उन्हात मोजताना त्यात ७० टक्के वजन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला, २० टक्के उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला, आणि साध्या हवेच्या पाऱ्याला फक्त १० टक्के.

आपण रोज बघतो तो आकडा हा दहा टक्केवाला.

खारघर आठवतंय? १६ एप्रिल २०२३. पुरस्काराच्या सोहळ्याला आलेले १४ जण उन्हाने गेले. ते नुसते मैदानात बसले होते. सिमेंटची गोणी कुणाच्याही डोक्यावर नव्हती.

मग सरकार काही करत नाही का? करतं की. दर उन्हाळ्यात सूचना निघते: दुपारी अंगमेहनतीची कामं टाळा. छान. त्या तासांची मजुरी कोण देणार? सूचना तिथे गप्प. रोजंदारीवरचा माणूस सावलीत बसला की हजेरी अर्धी, आणि काम उक्तं घेतलेलं असेल तर सावली त्याच्याच खिशातून जाते. २०२४ च्या मे महिन्यात दिल्लीच्या नायब राज्यपालांनी १२ ते ३ सुट्टी द्या म्हणून सांगितलं, आणि तीही पगारी. ‘पगारी’ हा एक शब्द बाकीच्या सूचनांत बसवायला एवढी शाई लागते?

कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन, उघड्यावरचं काम बंद. २०२१ पासून कायद्याने. तोच डब्ल्यूबीजीटी निर्देशांक ३२.१ च्या वर चढला तर घड्याळात कितीही वाजलेले असोत, काम थांबवायचं. (ही दया आपोआप पाझरलेली नाही. फुटबॉलचा विश्वचषक तोंडावर होता आणि जग टोचत होतं.) तिथल्या साइटवर राबतं कोण? बरेचसे आपलेच.

म्हणजे भारतीय मजुराला दुपारची हक्काची सावली हवी असेल, तर त्याने पासपोर्ट काढावा.

‘पाण्याची सोय आहे’, ठेकेदार सांगतो. आहे ना. काळी टाकी, उघड्या गच्चीवर. दोन वाजता त्या पाण्यात फक्त चहापत्ती टाकायची बाकी असते. उन्हात राबणाऱ्याला दर वीस मिनिटांनी ग्लासभर गार पाणी लागतं, म्हणजे दर वीस मिनिटांनी हात थांबणार. मुकादमाच्या भाषेत याला कामचुकारपणा म्हणतात. बायकांचं तर विचारूच नका. त्या पाणी पीतच नाहीत, कारण प्यायल्यावर जायचं कुठे? साइटवर शौचालय असतं, पण ते सॅम्पल फ्लॅटमध्ये. इटालियन टाइल्सचं.

नवा गडी तर सगळ्यात आधी पडतो. उन्हाला शरीर सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात. अमेरिकेतला हिशेब असा, की कामावर उन्हाने दगावणाऱ्या दहातले सात पहिल्या आठवड्यातलेच. म्हणून तिथले तज्ज्ञ सांगतात, नव्याला पहिल्या दिवशी कामाच्या वेळेतला पाचवा हिस्सा उन्हात, मग रोज थोडा थोडा वाढवा. गावचं लग्न आटोपून पंधरा दिवसांनी परतलेला जुना गडीही यात आला. आपल्याकडे? कालच रेल्वेतून उतरलेल्याला आज स्लॅबवर चढवतात. ‘तरणाबांड आहे, चालेल.’

चालतो. तीनेक वाजेपर्यंत.

मग तो बरळायला लागतो, झोकांड्या देतो. निदान तयार असतं: ‘पिऊन आलाय.’ त्याला नेऊन झोपवतात कुठे? पत्र्याच्या खोलीत! भट्टीतून काढून तव्यावर. उष्माघाताची पहिली खूण हीच, डोकं काम करेनासं होणं, हे कुणी सांगितलेलं नसतं. घाम येतोय म्हणजे धोका नाही, हेही खोटं. राबताना पडलेल्याला घाम असूनही उष्माघात होतो. करायचं एवढंच: सावली, कपडे सैल, अंगावर भसाभस पाणी, वारा, काखेत-जांघेत-मानेला बर्फ, आणि १०८. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आधी गार करा, मग हलवा. खिशातला कांदा दुपारच्या भाकरीसाठी ठेवा.

आणि यातलं काय साइटवर नसतं? पाण्याचा पाइप, पिंप, गोणपाट, सगळं हजर. सगळं कॉलमच्या सेवेत.

पैसा नाही म्हणाल तर तोही आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला, तो कामगारांच्या कल्याणासाठी. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, देशभरातले हे हजारो कोटी गेले कुठे? उत्तरात काय निघालं, तर लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन.

घामाचे कपडे धुवायला असतील.

तरी भर दुपारी उन्हात थांबायचं नाही, ही शिस्त साइटवर काटेकोर पाळणारं कुणी नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. तपासणीचे साहेब अकराला येतात, ‘दुपारी काम टाळा’ हा फलक लावलाय का बघतात, सही करतात आणि बाराच्या आत गाडीची काच वर घेतात.