कोपऱ्यावरच्या काकूंचा धाकटा

अहो वहिनी, कढीपत्ता तोडताच आहात तर दोन डहाळ्या इकडे द्या, आणि जरा थांबा. कोपऱ्यावरच्या काकू काल रात्री नेपाळहून आल्या. हो, पोराकडूनच. तोच तो धाकटा, दादरच्या इन्स्टिट्यूटमधून हॉटेल मॅनेजमेंट केलेला, मुंबईच्या मोठ्या हॉटेलात मॅनेजर झालेला. ब्रेक शिफ्ट करून करून पोराचं पार चिपाड झालं होतं, दसरा-दिवाळीला कधी घरी दिसला नाही, ते सगळं मान्य. पण राजीनामा द्यायचा, पीएफ काढायचा आणि पोखऱ्याच्या वर डोंगरात लॉज चालवायला जायचं? आपल्या कॉलनीत तेव्हा दोनच तर्क होते, एक तर मुलगी नाहीतर कुणीतरी महाराज. दोन्ही फुसके निघाले.

पगाराचं ऐका आधी. काकू म्हणाल्या, महिना 40 हजार घेतो. मी म्हटलं, मग काय वाईट आहे! तर म्हणे नेपाळी. आपला एक रुपया म्हणजे तिकडचे 1 रुपया 60 पैसे, 1993 पासून हाच भाव बांधलेला. म्हणजे आपले झाले 25 हजार. त्यात फ्लॅट कधी व्हायचा नि लग्न कधी? काकूंनी पदर डोळ्याला लावला, पण मला विचाराल तर तो सवयीने लावला. बाई खूश होत्या.

गाव घांद्रुकच्या पलीकडे आहे, अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर. गुरुंगांची वस्ती, कितीतरी घरांत फौजेतले पेन्शनर, त्यामुळे हिंदीवर काकूंचं भागलं. लॉज याच्या नावावर नाही हं. परदेशी माणसाला नेपाळात जमीन घेताच येत नाही. जागा तिथल्या आमा समूहाची, म्हणजे बायकांच्या मंडळाची. आपल्या मंडळासारखं हळदीकुंकू आणि पाककृती स्पर्धा नव्हे हो! त्या बायका वर्गणी काढून पायवाटा बांधतात, दारूड्यांना वठणीवर आणतात. याचं काम फक्त लॉज चालवून दाखवायचं, तेही 10 वर्षंच. मग किल्ल्या गावातल्या मुलींच्या हातात द्यायच्या आणि घरी यायचं, असं कागदावर लिहून दिलंय. हे खूळ कुठून आलं विचारलं, तर म्हणे पेरू देशातून. तिथे तांबोपाता नदीकाठी पोसादा आमाझोनास म्हणून लॉज आहे. 1996 साली तिथल्या आदिवासी गावाने एका कंपनीशी करार केला. नफ्याचे 60 टक्के गावाला, 40 कंपनीला, मुदत 20 वर्षं. ती मुदतच याला आवडली. मला विचाराल तर समाजसेवेला गेलेला माणूस कधी निघणार ते आधी सांगत असेल, तरच त्याच्यावर विश्वास ठेवावा. नाहीतर गावाचं भलं करता करता संस्थानिकच होऊन बसतात. आपल्याकडे काय कमी पाहिलेत?

बरं, हॉटेलातली विद्या फुकट गेली म्हणावं तर तसंही नाही. तिकडे म्हणे खोलीचं भाडं अगदी नावाला असतं. अट एकच, जेवण-नाश्ता तिथेच घ्यायचा. मेनूचे दर गावच्या समितीने ठरवलेले, सगळ्या लॉजना सारखे. म्हणजे कमाई असलीच तर ती स्वयंपाकघरात. आणि तिथे काय चाललं होतं? पिझ्झा, नूडल्स, ॲपल पाय! मैदा, चीज, पाकिटं, सगळं खेचरांच्या पाठीवरून वर यायचं आणि नफा त्या खेचरांच्या भाड्यात जायचा. गावात कोदो मात्र पोत्याने पडलेला. कोदो म्हणजे आपली नाचणी हो. तिची घरोघरी दारू गाळतात. याने एकेका ताटाचं कॉस्टिंग मांडलं, मोठ्या हॉटेलात मांडायचा तसंच, आणि नाचणीचं ढिंडो मेनूत वर आणलं. आपल्या उकडीसारखं घट्ट, सोबत डाळ, मोहरीचा पाला आणि मुळ्याचं लोणचं. गोरे लोक म्हणे मागून मागून खातात. काकू म्हणाल्या, घरी नाचणीची भाकरी केली की नाक मुरडणारा हा!

शनिवारी तिकडे सुट्टी. त्या दिवशी अंगणात चटया पसरून हिशेब वाचतात. काकू स्वतः बसल्या होत्या. एक मुलगी खडान् खडा वाचत होती, आणि शाळेची पायरी न चढलेल्या एका म्हातारीने मध्येच हात वर केला. पाहुणे गेल्या आठवड्यापेक्षा कमी, मग गॅसच्या टाक्या दोन जास्त का? हा मॅनेजर गप्प! शेवटी निघालं काय, तर पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापत होतं, आणि सोलरचा पाइप गळतो ते कुणी बघितलंच नव्हतं. इतकी वर्षं मोठ्या हॉटेलात ऑडिट झाली, पण असा घाम फुटला नाही, असं पोरगं स्वतःच सांगत होतं.

हो हो, विचारते मी, तुमच्या मनातलं कळलं. नुसतं हॉटेलच चालवायचं तर समाजसेवा कसली? अनाथाश्रम तरी काढायचा. हेच काकूंच्या जाऊबाई म्हणाल्या. त्यावर तो चिडलाच म्हणे. काठमांडू-पोखऱ्यातल्या कितीतरी बालगृहांत आईबाप जिवंत असलेली पोरं आणून ठेवलेली सापडली आहेत, का, तर परदेशी पाहुण्यांच्या देणग्या मिळाव्यात. पोरं घरात राहावीत म्हणून आईच्या हाताला काम पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. आता त्याचं स्वतःचं म्हातारपण कोण बघणार, हे मी काकूंना विचारलं नाही. पण ते कोडंच आहे खरं.

आणखी एक. वाटेवरचे हमाल, भरिया म्हणतात त्यांना. पाहुणे झोपायला गेले की जेवणघराच्या बाकांवर आडवे व्हायचे, तेही जागा उरली तर. याने त्यांच्यासाठी वेगळी खोली काढली, गाद्या-रजया दिल्या. दुसऱ्या लॉजवाल्यांनी आधी तोंडं वाकडी केली. आता भरियाच आपल्या पाहुण्यांना ओढून तिथे आणतात! तेव्हा धंद्याची अक्कल आहे पोराला, एवढं मी मानते.

तुमच्या भाचीचा ग्रुप ऑक्टोबरात तिकडेच चाललाय ना? मग तिला दोन गोष्टी बजावून सांगा. निघायच्या आधी एजंटला विचारायचं, भरियाच्या पाठीवर किती किलो आणि रात्री तो झोपतो कुठे. 30 किलोच्या वर सांगितलं तर दुसरा एजंट बघायचा. आणि ठेपले, मॅगी, खाकऱ्यांच्या पिशव्या इथेच ठेवायच्या. खोली स्वस्तात घ्यायची आणि डबा आपला उघडायचा, असं करू नका म्हणावं. जिथे झोपाल तिथेच जेवा.